पांढरे डाग: क्रीम, लाइट की शस्त्रक्रिया?

उपचार निवडण्याआधी डाग कोडाचाच आहे ना, हे पक्कं करा. वडोदऱ्याच्या दमट पावसाळ्यात पाठ-छातीवर येणारे, खरवडल्यावर बारीक कोंडा सुटणारे फिकट ठिपके बहुधा शिबं असतात. ती बुरशी, औषधाने जाते, पण रंग परतायला काही महिने लागतात. डागावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या; सरकारी दवाखान्यात त्याची औषधं मोफत मिळतात. टिकलीच्या किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचाच डाग असेल, तर गोंदातल्या वा रबरातल्या रसायनाचा संशय घ्या आणि ती वस्तू आजच बंद करा.

कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, ठळक कडांचा, संवेदना शाबूत असलेला. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती रंगपेशी मारते, कधी थायरॉइडवरही उलटते, म्हणून थायरॉइडची तपासणीही करतात. तो संसर्गजन्य नाही, आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही.

निवड ठरते दोन गोष्टींवर: डाग वाढतोय का, आणि त्यावरचे केस काळे आहेत का. नवा रंग बहुतेक केसांच्या मुळांतून येतो. केस काळे असतील तर मुळात रंगपेशींचा साठा आहे. पांढरे असतील तर क्रीम आणि लाइट दोन्हींकडून आशा कमी.

क्रीम मोजक्या, लहान डागांना, विशेषतः चेहऱ्याला. चेहऱ्यावर आणि पापण्यांवर टॅक्रोलिमस 0.1 टक्के, दिवसातून दोनदा. सुरुवातीला जळजळ होते. बरेच जण तिथेच सोडून देतात, पण ती सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. हातापायांवर, अंगावर मोमेटासोनसारखं स्टेरॉइड दिवसातून एकदा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली क्रीमची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. स्टेरॉइड डॉक्टरांना न दाखवता महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते.

लाइट, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी (311 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार), डाग अंगभर पसरले असतील तर क्रीमपेक्षा सरस. मुलांना आणि गरोदर बाईलाही चालतो. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. डोळ्यांवर गॉगल, पुरुषांनी जननेंद्रिय झाकलेलं. डाग हलका गुलाबी होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत निवळला की डोस बरोबर बसला. लाली 24 तासांपेक्षा जास्त टिकली किंवा फोड आला, तर पुढची लाइटची पाळी थांबवून डॉक्टरांना सांगा. मध्ये खंड पडला असेल तर जुन्याच डोसवर उडी मारायची नाही, भाजतं. रंग येताना आधी तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसतात, मग ते एकमेकांना मिळतात. फायदा नाही म्हणायला निदान 48 पाळ्या, म्हणजे साधारण सहा महिने द्यावेच लागतात. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शिफ्ट असलेल्याला रावपुऱ्यातल्या दवाखान्याच्या एवढ्या फेऱ्या झेपत नाहीत, आणि उपचार अर्धवट सुटण्याचं हे मोठं कारण. अशा वेळी घरच्या हँडहेल्ड दिव्याबद्दल डॉक्टरांना विचारा. बावचीचं तेल लावून मेच्या उन्हात बसणं मात्र लाइटचा पर्याय नाही. त्याने मोठे फोड येतात, आणि भाजलेल्या जागी नवा डागही उठू शकतो.

डाग भराभर वाढत असतील तर आधी पसरणं थांबवायला आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, काही महिने. साखर, रक्तदाब, वजन बघत बघतच. पेटीकोटची नाडी, घट्ट इलॅस्टिक, खरखरीत स्क्रब यांच्या घासण्यानेही वाढत्या काळात नवे डाग येतात. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरा.

शस्त्रक्रिया घाईची नाही. निदान वर्षभर एकही नवा डाग नको, जुना वाढलेला नको. नाहीतर लावलेल्या पेशीही मरतात. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा असलेला कोड लवकर स्थिरावतो आणि त्यात केस बऱ्याचदा पांढरे असतात, म्हणून तिथे हाच मार्ग उत्तम. ओठ-पापणीच्या डागाला दुसरीकडच्या चांगल्या कातडीवर फोड उठवून त्याची पातळ साल लावतात. मोठ्या डागाला मांडीची कातडी घेऊन तिच्या पेशींचं द्रावण पसरतात. एक भाग कातडीत पाच ते दहा पट जागा भागते. ठिपके-ठिपके कातडी बसवणं सोपं, पण पृष्ठभाग खडबडीत राहू शकतो, म्हणून चेहऱ्यावर आम्ही ते सुचवत नाही. रंग जुळायला काही महिने जातात.

बोटांची टोकं, तळवे आणि घोट्याची हाडं तिन्ही उपचारांना फारशी दाद देत नाहीत. तिथे केस नाहीत किंवा विरळ आहेत. या जागांसाठी मोठं पॅकेज भरण्याआधी रंग झाकणारं वॉटरप्रूफ क्रीम वापरून बघा.