काळ्या फोमच्या आत कुठला पाइप आहे?

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या बैठ्या घरावर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा, पाणी तापवायचा सोलर बसवला. विक्रेत्याने सांगितलं, "टाकी आमची, लाइन तुमची. पण आमचा प्लंबर आहे, पाठवतो." 'आमचा' या शब्दावर मी विसंबले.

प्लंबर बोलायला गोड. टाकीपासून बाथरूम आणि स्वयंपाकघरापर्यंत सीपीव्हीसी म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा पाइप, एसडीआर ११ म्हणजे जाड भिंतीचा, वर काळ्या फोमचं इन्सुलेशन, मजुरीसकट १४,५०० रुपये. "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल, काकू." वाचवला. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवून हा हिशेब मला जमला नाही. हातात उरली फक्त एक चिठ्ठी: 'पाइप व मजुरी, पूर्ण मिळाले.'

काम चालू असताना मी दोनदा गच्चीवर गेले. दोन्ही टोकांना फिकट पिवळसर पाइप दिसत होता, तोच सीपीव्हीसी. मधल्या पट्ट्यात फोम जरा फुगलेला वाटला, म्हणून विचारलं. "तिथं ऊन जास्त लागतं ना काकू, डबल लावलंय." मला उलट कौतुकच वाटलं!

पावसाळा गेला, थंडी गेली. मधला पट्टा दोन क्लॅम्पच्या मध्ये वाळत घातलेल्या धोतरासारखा झोळत होता, पण फोमचंच वजन असेल असं समजून मी सोडून दिलं. एप्रिलमध्ये आठ दिवस देवरुखला गेलो. घर बंद, पाणी कोणी वापरत नाही, वर पुण्यातलं ऊन; टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ गेलं असणार. सहाव्या दिवशी शेजारच्या वहिनींचा फोन आला, "तुमच्या गच्चीवरून वाफा येतायत आणि पाणी आमच्या भिंतीवर पडतंय." भर दुपार होती म्हणून त्यांच्या अंगणात मुलं नव्हती. तो विचार अजून नको वाटतो.

परत आल्यावर कात्रीने फोम कापला. आत पांढराशुभ्र पाइप, मऊ पडून वाकडा झालेला, आणि त्यावर ठळक छापलेला भारतीय मानकाचा क्रमांक, आयएस ४९८५. हा यूपीव्हीसी, गार पाण्याचा; ४५ अंशांपर्यंतच चालतो. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ असतं आणि तो ९३ अंशांपर्यंतचा. पाऊण इंची म्हटलं तरी दोघांचा बाहेरचा व्यास वेगळा, सीपीव्हीसी बारीक, त्यामुळे एकाचा पाइप दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये बसत नाही. म्हणून पठ्ठ्याने पितळी आट्यांचे जोड घालून मधला सगळा पट्टा पांढऱ्यात ओढला होता. फोम 'डबल' नव्हता, पाइपच जाडा होता. फसवायला एवढी कारागिरी!

माझा भाचा इंग्लंडमध्ये राहतो. तिथं घर गरम ठेवणारी लाइनसुद्धा बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकची असते, पण ते त्या कामासाठीच बनवलेलं प्लास्टिक, आणि बॉयलरपासून पहिला मीटरभर तांब्याचा पाइप घालतात. फोनवर त्याने विचारलं, "मावशी, पाइपवर काय छापलंय ते आधी नाही वाचलंस?" नाही वाचलं. फोम चढायच्या आत फोटो काढला असता तरी पुरलं असतं.

विक्रेता म्हणाला, तो आमचा माणूस नाही. प्लंबरने फोन उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावायला बसले आणि चिठ्ठी समोर ठेवली. त्यावर ना दुकानाचं नाव, ना पाइपचा प्रकार, ना तो किती मीटर ते. तक्रारीत काय लिहिणार?

बोहरी आळीतून स्वतः पाइप आणला, बिल घेऊन. सीपीव्हीसीचे जोड चिकटवायचा सॉल्व्हेंटही वेगळा असतो, तो डबा दुकानदाराने आपणहून काढून दिला. नव्या प्लंबरने टाकीच्या तोंडाशी जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा, तुकडा टाकला आणि पुढे सीपीव्हीसी. इन्सुलेशनच्या आधी मी दर दोन फुटांवर फोटो काढत होते. "काकू, माझ्यावर विश्वास नाही का?" तो हसत म्हणाला. मी त्याला गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलेला तो वाकडा पांढरा पाइप दाखवला. त्याने उचलला, छपाई वाचली आणि पुढचा तुकडा स्वतःच फिरवून अक्षरं माझ्याकडे येतील असा धरला.