लष्करी रुग्णालय, नागरी थेरपिस्ट की वेट सेंटर: अमेरिकी सैनिकाने मानसोपचार कोठे घ्यावेत?

अमेरिकी सैन्यात सेवेत असलेल्या व्यक्तीला पीटीएसडी (भीषण आघातानंतर जडणारा मानसिक विकार) किंवा नैराश्यावर उपचार घ्यायचे असतील, तर मुख्यतः तीन मार्ग समोर येतात: तळावरचे लष्करी रुग्णालय, ट्रायकेअर या लष्करी आरोग्य विमा योजनेतून मिळणारा नागरी थेरपिस्ट आणि १९७९ पासून सुरू असलेली वेट सेंटर्स, म्हणजे माजी सैनिक खात्याची समुपदेशन केंद्रे. निवड करताना अनेकांच्या मनात पहिली भीती असते ती कमांडरला कळण्याची, आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही सलग, पुरेशा भेटी कोठे मिळतील, हा प्रश्न त्याहून आधी विचारला जावा असे मला वाटते.

लष्करी रुग्णालयाची जमेची बाजू खरी आहे. तेथील तज्ज्ञांना तैनाती, पदश्रेणी आणि युनिटमधील जीवन पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाही. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या बहुसंख्य सैनिकांना घरी सोडल्यावर सात दिवसांच्या आत पुढील भेट मिळाल्याचे आढळले. मात्र नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांचे चित्र काळजी वाटावी असे होते. पहिल्या आठ आठवड्यांत मानसोपचाराच्या किमान चार किंवा औषधोपचाराच्या किमान दोन भेटी मिळालेल्यांचे प्रमाण पीटीएसडीमध्ये सुमारे एक तृतीयांश, तर नैराश्यात सुमारे एक चतुर्थांश होते. पीटीएसडीवरील संवादाधारित उपचारांपैकी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीसाठी (आघाताविषयीचे विचार तपासून बदलणे) साधारण १२ आणि प्रोलाँग्ड एक्सपोजरसाठी (टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे) ८ ते १५ सत्रे लागतात हे लक्षात घेतले, म्हणजे महिन्यातून एकदा मिळणाऱ्या भेटीवर का समाधान मानू नये ते स्पष्ट होते.

नागरी थेरपिस्टकडे भेटी अधिक नियमित मिळू शकतात, पण सेवेतील सैनिकाला त्यासाठी सहसा आधी रेफरल (लष्करी डॉक्टरची शिफारस) आणि मंजुरी लागते. शिवाय थेरपिस्टची तयारी तपासून घ्यावी लागते. रँडच्याच २०१४ मधील सर्वेक्षणात लष्करी जीवनाची जाण आणि शास्त्रीय पुरावा असलेल्या उपचारपद्धतींचे प्रशिक्षण व वापर, असे सर्व निकष पूर्ण करणारे नागरी तज्ज्ञ केवळ १३ टक्के निघाले. त्यामुळे प्रोलाँग्ड एक्सपोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची जोड देऊन आघाताच्या आठवणींवर केला जाणारा उपचार) यांपैकी कशाचे प्रशिक्षण घेतले आहे आणि ती पद्धत सध्या किती रुग्णांसाठी वापरता, हे पहिल्याच फोनवर विचारावे. पीटीएसडीसाठी बेन्झोडायझेपिन गटातील (चिंता शमवणाऱ्या) गोळ्या सुचवल्या गेल्या, तर कारण विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, कारण संरक्षण खाते आणि माजी सैनिक खाते यांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचना त्यांच्या विरोधात आहेत.

गोपनीयतेच्या बाबतीत वेट सेंटर सर्वांत पुढे आहे. तेथील समुपदेशन विनामूल्य असते आणि जीव धोक्यात असण्यासारखे अपवाद वगळता रुग्णाच्या संमतीशिवाय नोंदी लष्कराकडे जात नाहीत. मात्र युद्धक्षेत्रातील सेवा किंवा सेवेतील लैंगिक अत्याचाराचा आघात यांसारख्या पात्रतेच्या अटी आहेत आणि औषधे लिहून दिली जात नाहीत. लष्करी रुग्णालयातही प्रत्येक भेटीची खबर कमांडरला दिली जात नाही. स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा धोका, मोहिमेला धोका, रुग्णालयात दाखल होणे अशा ठरावीक प्रसंगीच, तीही आवश्यक तेवढीच माहिती कळवावी, असा २०११ पासून नियम आहे.

म्हणून औषधांची गरज असेल किंवा लक्षणे तीव्र असतील, तर मी लष्करी रुग्णालयापासून सुरुवात करण्यास सांगेन, आणि तेथे दर आठवड्याची वेळ मिळत नसेल तर त्याच भेटीत नागरी रेफरल मागावे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर ही तुलना बाजूला ठेवून अमेरिकेतून ९८८ या आत्महत्या-प्रतिबंध मदतवाहिनीवर फोन करून १ दाबावा.