महारेराचं संकेतस्थळ : घर घेणाऱ्याला चार तारे, शेजारच्या गावाला दोन

शीळफाट्यावरून कल्याणकडे निघालं की काटई, निळजे, घेसरच्या शिवारात टॉवरच टॉवर. भातखाचरात भराव पडला, भोवती पत्रे लागले, की गावात प्रश्न निघतो : एवढ्या लोकांना पाणी कुठून देणार आणि सांडपाणी सोडणार कुठे? उत्तरासाठी महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाचं संकेतस्थळ उघडावं, तर ते अर्धंच सांगतं.

जमेची बाजू मोठी आहे. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला किंवा नोंदणी क्रमांक टाकला की फुकटात प्रकल्पाचं पान उघडतं. सर्व्हे नंबर, मालकी हक्काचा अहवाल, मंजूर नकाशा, घरांची संख्या, काम संपवण्याची तारीख. सर्व्हे नंबर घेऊन महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर सातबारा काढा आणि त्यातला 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. मग मंजूर नकाशा गावनकाशाशेजारी ठेवून ओढा आणि वहिवाटीचा रस्ता शोधा. ओढा नकाशात सरळ रेषेत, बंद गटारासारखा दिसला तर पावसाळ्यात वरच्या अंगाच्या खाचरांत पाणी तुंबणार, हे धरूनच चाला.

खोट आहे ती टप्प्यांत. मोठ्या गृहसंकुलाचा प्रत्येक टप्पा वेगळा नोंदतात. एका पानावर तीनशे घरं, दुसऱ्यावर चारशे. सगळ्यांची बेरीज तिथे कुठेच नाही. गावाला तर बेरीजच हवी असते. ती वही-पेन घेऊन करावी लागते, आणि एकही टप्पा सुटता कामा नये.

पाण्याचा हिशोब घरीही मांडता येतो. घरात ५ माणसं, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे एका घराला ६७५. अशी ३,००० घरं झाली की सव्वावीस लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. रोज! ब्रोशरमधला जलतरण तलाव यात धरलेला नाही.

हे पाणी कुठून आणणार, हे पर्यावरण मंजुरीच्या पत्रात सापडतं, आणि ते केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर शोधावं लागतं. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला ही मंजुरी लागते. त्यात पाण्याची गरज, स्रोत, एसटीपीची (सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) क्षमता, पावसाळी पाण्याचा निचरा असं सगळं आकड्यांत असतं. पण गृहप्रकल्पांना २००६च्या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे, त्यामुळे गावाला कळतं तेव्हा पाया भरून झालेला असतो.

एसटीपीवर विशेष लक्ष ठेवा. क्षमता सगळी घरं भरल्यावरची असते; सुरुवातीला शंभर कुटुंबं राहायला आली तर जिवाणूंना पुरेसं खाद्यच मिळत नाही आणि प्रक्रिया नीट बसत नाही. पुढे वीजबिल वाचवायला टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवले की टाकीतला ऑक्सिजन संपतो, वास सुटतो आणि काळं पाणी थेट ओढ्यात जातं. मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल विकासकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो मागा, आणि त्यातला सांडपाण्याचा तपासणी अहवाल कोणत्या महिन्यातला आहे ते बघा. पावसाळ्यातला नमुना पावसाच्या पाण्याने पातळ होऊन गोंडस दिसतो.

महारेराकडे तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये. पण तिथला मुख्य भर ताबा, पैसे आणि करार यांवर. ओढा बुजवला म्हणून तिकडे गेलात तर पैसे आणि महिने दोन्ही वाया जाण्याची शक्यता जास्त. वहिवाट अडवली असेल तर तहसीलदार. पर्यावरण मंजुरीवरच आक्षेप असेल तर हरित लवादाचं पुण्याचं खंडपीठ, आणि तिथे मुदत मंजुरी कळवल्यापासून ३० दिवसांची; सबळ कारण असेल तर आणखी ६० मिळू शकतात. म्हणून मंजुरीनंतर सात दिवसांत द्यावी लागणारी मराठी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून ठेवा आणि ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे आलेल्या मंजुरीच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आहे ना, ते त्याच दिवशी बघा.