पोहण्यासाठी घड्याळ: टचवालं घ्यावं का बटनवालं?

पोहण्याचा हिशोब ठेवायला घड्याळ घेऊन राहिले असाल अन् टच स्क्रीनवालं स्मार्टवॉच का बटनवालं स्पोर्ट्स वॉच यात अडकले असाल, तर मी दोन्ही वापरलेत, टँकमध्ये पण अन् आमच्या भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावात पण. ५ एटीएम (म्हणजे ५० मीटर पाण्याच्या दाबाइतकं वॉटरप्रूफ), ब्लूटूथ वगैरे दोघांतही असते, ते सोडून देऊ.

टँकमध्ये लेंग्थ, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं पोहणं, दोघंही बऱ्यापैकी मोजतात. हाताच्या हालचालीवरून अन् भिंतीशी वळण्यावरून ते कळते, जीपीएसचा तिथं संबंध नाही, म्हणून टँकची लांबी तुम्हीच बरोबर टाकायची. आपल्याकडचे लॉन-फार्महाऊसचे टँक २५ मीटरचेच असतील असं नाही, टेप लावून पाहा. टँक २० चा अन् घड्याळात २५ राहिलं तर ४० लेंग्थचे ८०० मीटर ते १००० दाखवते. किकबोर्ड (हातात धरून नुसते पाय मारायची फळी) घेतला की हात हलत नाही, मग गिनती होत नाही, बऱ्याच बटनवाल्यात ड्रिल लॉग असते, त्यात आपण आकडा टाकू शकतो.

आता माझा निर्णय जिथं झाला ते सांगतो. मी सेट मारतो, म्हणजे १०० मीटर, २० सेकंद आराम, परत १००. टचवाल्यात पाण्यात स्क्रीन लॉक ठेवावीच लागते, नाहीतर पाणी लागूनच टच होत राहते. भिंतीला हात लागला की आधी साईडचं बटन दाबून धरा, लॉक उघडायची वाट पाहा, मग ओल्या बोटानं पॉज शोधा, बोट पुसायला कोरडं काहीच नाही, अन् तोपर्यंत २० सेकंद कधीचे निघून गेले असतात. घरी येऊन पाहिलं तर आराम पोहण्यात मिसळलेला, पेस (१०० मीटरला लागलेला वेळ) बिघडलेला, कोणता १०० चांगला गेला ते समजतच नाही. अन् मला तेच तर पाहायचं असते बाप्पा! काही टचवाल्यात आराम आपोआप ओळखते, काहीत दोन बटनं सोबत दाबली की पॉज होते, तुम्हाला ते जमूनही जाईल. पण बटनवाल्यात न पाहता एक बटन दाबलं, बोटाला टिक कळलं, झालं.

तलावात गोष्ट वेगळी. जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली येत नाही, हात वर आला तेवढाच वेळ मिळतो. फ्रीस्टाईलला ठीक, ब्रेस्टस्ट्रोकला हात पाण्यातच राहते म्हणून नकाशावर रेघ वाकडीतिकडी येते, दोघांचीही. घड्याळ टोपीखाली ठेवलं तर रेघ सुधरते, पण मग स्ट्रोकची गिनती सोडून द्यायची. शिंगाड्याच्या वेली असलेल्या बाजूला जाऊच नका, अन् रंगीत फ्लोट कमरेला बांधल्याशिवाय तर तलावात अजिबात उतरू नका, घड्याळ कोणतंही असो.

हार्ट रेटसाठी मनगटावरचा आकडा पाण्यात दोघांचाही भरवशाचा नाही. छातीचा पट्टा पण बहुतेक वेळा पाण्यातून लाईव्ह सिग्नल देत नाही, काही पट्टे साठवून ठेवतात अन् बाहेर आल्यावर देतात, ते घ्या. स्वोल्फ, म्हणजे एका लेंग्थचे सेकंद अधिक स्ट्रोक, स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहा, कारण काही घड्याळं एकाच हाताचे स्ट्रोक मोजतात.

टचवालं दिसायला भारी आहे, कॉल-मेसेजला, लग्नाकार्यात घालायला चांगलं, अन् रोज नुसतं अर्धा तास मोकळं पोहणाऱ्याला पुरते. पण त्यातले काही रोज चार्जिंगला लावावे लागतात, गावात लाईटचा भरवसा नाही, बटनवालं आठवडाभर सहज निघते. सेट मारत असाल तर माझं मत बटनवाल्याकडेच.

सेकंडहँड मिळत असेल तर सगळी बटनं दाबून पाहा, एखादं चिकटत असेल तर सोडा. अन् ओपन वॉटर मोड (तलावात पोहण्यासाठीचा) आहे का ते पहिले विचारा, स्वस्त मॉडेलमध्ये कधीकधी फक्त टँकचाच मोड असते.