तंबू, गरी आणि एक छापील कागद : काणकोणातलं भाड्याचं किट

दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यात तंबू, जंगलात चालायचं सामान आणि गरी (मासे धरायचा गळ) असं तिन्ही एकत्र भाड्याने देणारं एक छोटं दुकान आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. दोन रात्रींचं दोन माणसांचं किट १,८०० रुपये, अनामत ३,०००. सामान बरं आहे, त्याहून जास्त काही म्हणता येणार नाही. पण किटसोबत जो दुपानी छापील कागद मिळतो, तो नवख्या माणसाला सामानापेक्षा जास्त उपयोगी पडेल. पाचपैकी साडेतीन गुण, त्यातले दोन कागदाचे.

बाहेरून येणाऱ्याच्या डोक्यात चित्र असतं ते असं : व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) तंबू, समोर गरी, मागे डोंगर. गोव्यात हे तिन्ही एका जागी कायद्याने जमत नाही. चालायला उत्तम ते खोतीगाव अभयारण्य, ८६ चौरस किलोमीटरचं, चावडी या तालुक्याच्या मुख्य गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर. तिथे नाक्यावर तिकीट काढून दिवसा फिरायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. आतल्या व्हाळात मासे दिसतात, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते धरणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही, उघड्यावर चूल मांडणंही पर्यटनस्थळांच्या २००१च्या कायद्यात बसत नाही. गालजीबागला तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासवं अंडी घालायला येतात, रात्री वाळूवर बॅटरी फिरवायचीही नाही. म्हणून कागदावर तीन वेगळ्या जागा दिल्या आहेत : झोपायला कुळागर (माड-पोफळींची बाग), चालायला खोतीगाव, गरी टाकायला तळपण नदीचं मुख. या तिघांतलं अंतर दुचाकीवर सहज होतं. इतर भाड्याची दुकानं हे सांगत नाहीत, कारण ‘नदीकाठचा तंबू’ हेच विकलं जातं.

कुळागरात तंबू लावताना काय बघायचं, हेही कागदावर आहे, पण त्रोटक. माडाखाली नको, हे सगळ्यांना कळतं. सुक्या चुडतांचं (झावळ्यांचं) मात्र कुणी बघत नाही आणि वाऱ्यात आधी पडतं ते चुडत. दुसरं, भाटकाराला (बागेच्या मालकाला) आधीच विचारा की पाटाचं पाणी कुठल्या दिवशी सोडतात. पोफळींना पाणी पाळीने येतं. संध्याकाळी कोरडी दिसलेली सपाट जागा पहाटे चिखल होते, कारण ती सपाट आहे ती मुळात पाण्यासाठीच. तंबूची जागा पाटाच्या वरच्या अंगाला, मेरेवर (बांधावर) बघावी.

आता तंबू. पिशवीवर ‘चार माणसांचा’ लिहिलंय. सामानासकट दोघांचा समजा. दोन थरांचा आहे, हे चांगलं. इथल्या हवेत एका थराचा तंबू आतून गळतो : श्वासाची वाफ कापडावर धरते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. दोन थर असूनही हेच होतं, जर बाहेरचं कापड आतल्याला चिकटलं तर. दोन्ही थर एकमेकांना लागणार नाहीत इतकं बाहेरचं ताणायचं आणि वरच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवायच्या. नोव्हेंबर ते जानेवारी दव इतकं पडतं की सकाळी कापड पिळून काढावं लागतं. ओलाच घडी घालून डिकीत ठेवत गेलं तर आतला लेप चिकट होतो आणि मग वास जात नाही. दुकानातल्या तंबूंपैकी एका-दोघांना तो वास येतोच. घेताना नाक लावून बघा.

खुंट्या हा किटचा सर्वांत कच्चा भाग. वीतभर लांबीच्या बारीक तारेच्या आठ खुंट्या देतात. जांभ्यावर त्या चार बोटं जातात आणि वाकतात, वाळूत उपटून येतात. रुंद पन्हळीच्या, फूटभर लांबीच्या चार खुंट्या मागितल्या तर मिळतात, पण मागाव्या लागतात. नाहीतर चिऱ्याचे तुकडे दोरीत अडकवा. गोव्यात चिरा कुठेही मिळतो. खालची ताडपत्री तंबूपेक्षा मोठी देतात, तीही चूक. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर पाऊस पडतो आणि थेट पाठीखाली येतो. चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडून घ्या, दुमड खालच्या बाजूला ठेवा. काठ्या फायबरच्या आहेत. प्रत्येक जोडाच्या तोंडाशी अंगठा फिरवा, कुसळ टोचलं तर ती काठी बदलून मागा. रात्री तीच फुटते आणि कापड फाडते.

गरीच्या सामानात जास्त लक्ष घालायला हवं, कारण इथे भाड्याच्या वस्तूचा खरा कस लागतो. नऊ फुटी दोन तुकड्यांची काठी, ४००० मापाचं रीळ, ०.३५ मिलिमीटरचं तंगूस (गरीची नायलॉन दोरी). नदीमुखासाठी हे माप योग्य. दुकानातच तीन गोष्टी तपासाव्यात. काठीवरच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा ओढा. जिथे कापूस अडकेल तिथे कडीला चीर आहे, तीच चीर तंगूस कापते. तंगुसाचे पहिले आठ-दहा मीटर बोटांतून सोडा, खरखरीत लागलं तर तेवढं कापून टाका. आणि रिळाची ओढ, म्हणजे मासा ओढू लागला की रीळ किती जोरावर तंगूस सोडतं ते : काठीशिवाय, फक्त रीळ हातात धरून तंगुसाला दोन लिटरची भरलेली बाटली लटकवा. बाटली हळूहळू सरकत खाली गेली पाहिजे. जागची हलली नाही तर ओढ घट्ट आहे, मोठा मासा तोडून जाईल. धप्पकन खाली आली तर सैल.

पुढचं जाड तंगूस किटमध्ये नाही, ही मोठीच उणीव. चोणक या इथल्या मोठ्या माशाच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, ०.३५चं तंगूस तिथे घासलं की संपलं. ०.६० मिलिमीटरचं हातभर तंगूस पुढे बांधा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाने तिथेच कमकुवत होते. गऱ्या सगळ्या एकाच मोठ्या मापाच्या मिळतात. चोणक, तांबोशी यांना चालतात, काळुंद्राच्या तोंडात मात्र जात नाहीत. बारीक गऱ्यांचं पाकीट बाजारातून वेगळं घ्या. आमिषाला जिवंत सुंगट (कोळंबी). गरी शेपटीतून घाला किंवा डोक्यावरच्या काट्याखालून, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून. तो ठिपका टोचला की सुंगट मेलं. शिसं ३० ग्रॅमचं पुरतं.

वेळ भरती-सुकतीवरून ठरवायची. कागदावर मुरगावचं कोष्टक दिलंय, ते बरोबर; पण ते बंदराचं आहे, नदीत आत जाल तसं पाणी उशिरा फिरतं, हे लिहायचं राहिलं. रोजची भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे शुक्रवारी सकाळी दहाची भरती असेल तर रविवारी ती साधारण पावणेबाराला. अमावास्या-पुनवेच्या उधाणात पाण्याला ओढ इतकी असते की ३० ग्रॅमचं शिसं तळाला टिकत नाही; नवख्याने त्यांच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन दिवस टाळून जावं. पाणी फिरल्यानंतरचे दीड-दोन तास सर्वांत चांगले. खारफुटीच्या मुळांना तंगूस कापणारी धारदार कालवं चिकटलेली असतात, तिकडे मासा वळू द्यायचा नाही.

कुठे मानस (खाजनाच्या बांधातली पाणी सोडायची दारं) दिसली तर मोह होईल. सुकतीला दारं उघडली की खाजनातलं (बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतलं) पाणी सुंगटांसकट बाहेर येतं आणि चोणक तोंड वासून तिथेच असतो. पण मानशीची मासेमारी पावणीला (लिलावाला) जाते, हक्क घेणाऱ्याला विचारल्याशिवाय तिथे गरी टाकू नका. भांडण होतं आणि त्यात चूक तुमची असते. किट घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्यांनी कुंभारजुवे कालव्याच्या काठी पाण्यात पाय सोडून बसू नये, तिथे मगरी आहेत.

चुलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लांबट कॅनवर चालणारी शेगडी आणि २३० ग्रॅमचे दोन कॅन. एक लिटर पाणी उकळायला आडोशात १५ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, म्हणजे चहा-भाताला एक कॅन दोन दिवस पुरतो. न वापरलेला परत घेतात. सकाळी पोदेर (पाववाला) येतोच, नाश्त्याला चूल पेटवायची गरज नाही. जंगलात शेगडी नेऊ नका.

चालण्यासाठी पाठपिशवी, बॅटरी आणि काठी. पाण्याच्या बाटल्या एक-एक लिटरच्या दोनच आहेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात माणशी दिवसाला चार लिटर धरा. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्या, खोतीगावात आत रेंज जाते. पावसाळ्यात हे किट घेण्यात अर्थ नाही, दुकानदारही तेच सांगतो. जळवा असतातच, शिवाय व्हाळ वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने फुगतो आणि खाली ऊन असलं तरी पाणी येतं. जुलै २०२३मध्ये नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेश बंद केला होता. अशी बंदी त्या त्या वेळी असते, म्हणून नाक्यावर विचारूनच पुढे जायचं. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला, की मग बघा. उत्तरेच्या सत्तरी तालुक्याकडे जाणार असाल तर डिसेंबर ते मे गोचडीतून होणाऱ्या माकडतापाचा काळ. पँट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंगावरच्या गोचड्या तपासा.

परत देताना अनामतीतून कापतात ती मुख्यतः वाळूची आणि मिठाची. तंबूची चेन गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर खारं सुकून दाते जाम होतात. रिळावर नळाची धार सोडू नका, मीठ आत ढकललं जातं. ओढ घट्ट करून वरून पाणी शिंपडा, पुसा, मग ओढ सैल सोडून द्या. घेतानाच फाटकी शिवण, वाकलेली कडी यांचे फोटो काढून दुकानदाराला तिथल्या तिथे पाठवा. तो हरकत घेत नाही, फोटो नसेल तर मात्र ऐकत नाही.