सांगली-मिरजेतली ‘सीए-१२५’ तपासणी: पॅकेजमध्ये नको, उपचारात हवीच

सांगली-मिरजेत महिलांच्या तपासणी पॅकेजमध्ये थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिनच्या जोडीला आता सीए-१२५ही दिसते. शेजारी लिहिलेलं असतं, ‘अंडाशयाच्या कॅन्सरची तपासणी’. रक्ताची साधी बाटली, उपाशीपोटी जायची गरज नाही. तपासणी चांगली आहे, पण हे नाव चुकीचं आहे.

मोजलं जातं ते एक प्रथिन. नेहमीची मर्यादा ३५ युनिट. पोटाच्या आतल्या आवरणाला कशानेही त्रास झाला की ते वाढतं: पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), लिव्हर सिरोसिस. आपल्याकडे पोटाचा टीबी विसरून चालत नाही. पोटात पाणी, वजन उतरलेलं, आकडा शेकड्यांत, म्हणजे चित्र हुबेहूब कॅन्सरचं. पोटातलं पाणी आणि बायोप्सीचा तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं धरू नये. उलट पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत आकडा नॉर्मलच येतो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. दरवर्षी ही तपासणी करूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निकाल २०२१ साली आला. त्यामुळे काही त्रास नसताना पॅकेजमधून ही तपासणी वगळायला सांगा. आई-बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांशी बीआरसीए या, बिघडला तर हे कॅन्सर घरात चालवणाऱ्या जनुकाच्या तपासणीबद्दल बोला.

त्रास असेल तर गोष्ट वेगळी. पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी हे नव्याने सुरू होऊन आठवड्यांमागून आठवडे टिकलं, त्यातून पन्नाशी उलटलेली असेल, तर गॅसची गोळी घेत बसू नका. सोनोग्राफी आणि सीए-१२५ दोन्ही करा. पॅप स्मिअर नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आहे.

हे दोन्ही रिपोर्ट एकत्र वाचायची एक जुनी रीत आहे. सोनोग्राफीत संशयाची खूण नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. हे दोन गुण आणि सीए-१२५ चा आकडा, तिन्हींचा गुणाकार करायचा. २०० च्या वर गेलं तर कॅन्सरच्या सर्जनकडे. पाळी गेलेल्या बाईचा आकडा नुसता ४० असला आणि गाठीत घट्ट भाग व पोटात पाणी दिसलं, तर ३ × ३ × ४० = ३६०. पाळी चालू असलेल्या तरुणीचा १२० आला आणि सोनोग्राफीत एकच खूण असली, तर १२०. म्हणून सुटा आकडा बघून घाबरू नये, सुटा बघून निश्चिंतही होऊ नये. अंडाशयापुरत्या असलेल्या संशयित गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका. गाठ फुटून आजाराचा टप्पा वाढू शकतो.

तपासणीचं खरं मोल उपचारात कळतं. केमोची कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधं दर २१ दिवसांनी, बहुधा ६ वेळा. आजार पसरलेला असेल तर पुष्कळदा आधी ३, मग ऑपरेशन, मग ३. उपचाराआधीचा आकडा सांभाळून ठेवा, पुढची सगळी तुलना त्याच्याशी. ऑपरेशन मुंबई-पुण्याला आणि केमो मिरजेत असं असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. ऑपरेशननंतर पोट बरं होत असताना आकडा काही आठवडे चढलेला राहू शकतो, तेवढ्यावरून औषध बदलत नाहीत.

उपचार संपल्यावर त्रास नसताना नुसता आकडा वाढला म्हणून केमो लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. किती वेळा तपासायचं, ते डॉक्टरांशी आधीच ठरवा.

लॅब बदलू नका. किट बदललं की आकडा बदलतो, आणि तो फरक आजाराचा समजला जातो. रिपोर्टवर पद्धतीचं किंवा यंत्राचं नाव छापतात का, हे काउंटरवर विचारा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही रक्त देण्याआधी सांगा. काही यंत्रांत त्याने निकाल चुकतो.