साठा करावा की लागेल तसं मागवावं?

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक भागात ज्यांचा गाळा आहे, त्यांना जागेचा भाव वेगळा सांगायला नको. तरी कित्येक शेडमध्ये मशीनपेक्षा जास्त जागा मालानेच अडवलेली असते.

साठ्याचे फायदे उघड आहेत. घाऊक भाव मिळतो, ऑर्डर अचानक वाढली तर अडत नाही, मुंब्रा बायपासला गाडी तुंबली तरी पाळी चालू राहते. पण 30 लाखांचा माल पडून असेल आणि सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) वर्षाला 12 टक्के व्याज धरलं, तर महिन्याला 30 हजार नुसते व्याजात जातात. शिवाय गंज आहेच. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदललं की उरलेला लॉट भंगारात.

लागेल तसं मागवायचं म्हटलं की टोयोटाचं नाव निघतं. तिथले अभियंते ताईची ओनो यांनी ही शिस्त बसवली हे खरं, पण 2011च्या जपानमधल्या भूकंपानंतर त्याच टोयोटाने पुरवठादारांना चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, हे फारसं कुणी सांगत नाही.

म्हणून माझं मत असं, की निर्णय अख्ख्या कारखान्यासाठी एकदम घेऊच नये. बार-पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून त्याच दिवशी येऊ शकतो. त्याचा महिन्याभराचा ढीग कशाला? न्हावा शेवा बंदरात उतरणारं परदेशी बेअरिंग मात्र जास्तच ठेवा. 2021मध्ये सुएझ कालव्यात एकच जहाज सहा दिवस आडवं झालं आणि जगभरची वेळापत्रकं कोलमडली.

अर्धवट तयार मालाचं दुखणं निराळं. तो साठतो, कारण सेटिंगला, म्हणजे पुढच्या नगासाठी मशीनवरची डाय (साचा) बदलून जुळवायला, वेळ लागतो. दोन तासांचं सेटिंग 600 नगांवर वाटलं तर नगामागे 12 सेकंद पडतात, म्हणून सुपरवायझर मोठाच लॉट काढतो. त्याचं चूक नाही. तेच सेटिंग 20 मिनिटांवर आणलं, तर 100 नगांनाही तेवढेच 12 सेकंद. सेटिंगचा वेळ कमी करण्याची जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची युक्ती साधी होती: पुढची डाय, बोल्ट, पाने, गेज हे सगळं मशीन चालू असतानाच शेजारी मांडून ठेवायचं. यात पैसा जवळपास लागत नाही, म्हणून नव्या सॉफ्टवेअरच्या आधी मी हेच करेन.

आणि जॉबवर्कवाल्याकडून, म्हणजे तुमचं काम बाहेर करून देणाऱ्याकडून, रोज थोडा थोडा माल हवा असेल, तर त्याचं बिल रखडवू नका. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असूनही 45 दिवसांपलीकडे थकलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. करार नसेल तर मुदत 15च दिवसांची.